आधी पन्नास फेकी, मग प्रदर्शन



दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्या की विज्ञान प्रदर्शनाचे वारे वाहू लागतात आणि 'सर, यंदा काय करू?' हा प्रश्न घेऊन मुले दारात उभी राहतात. त्यांना हवे असते एखाद्या 'मॉडेल'चे नाव. नाव मिळाले की थर्मोकोल येतो, रंग येतो, सुतारकाका किंवा बाबा दोन रात्री जागतात आणि शनिवारी सकाळी टेबलावर धूर सोडणारा ज्वालामुखी किंवा लुकलुकणारी सूर्यमाला तयार असते. शेजारी उभा असलेला विद्यार्थी पाठ केलेली माहिती न अडखळता म्हणून दाखवतो. त्याला मध्येच थांबवून 'हा भाग थोडा लांब केला असता तर काय झाले असते?' असे विचारून पाहा. तो आपल्या शिक्षकांकडे पाहू लागतो.

या प्रश्नाला माझे उत्तर गेली काही वर्षे एकच आहे. दगडफेकीचे एक लहान यंत्र घरी करा. इंग्रजीतून आलेला कॅटापुल्ट हा शब्द तुम्हाला ठाऊक असेल. आपण त्याला गोफणयंत्र म्हणू. मात्र एक अट आहे. पन्नास फेकी करून त्यांची नोंद वहीत झाल्याशिवाय ते प्रदर्शनात मांडायचे नाही. ही अट ऐकली की निम्मी मुले ज्वालामुखीकडे वळतात. उरलेल्या निम्म्यांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी हा लेख आहे.

यंत्र अगदी साधे आहे. पन्नास सेंटिमीटर लांबीची, अडीच सेंटिमीटर रुंद आणि एक सेंटिमीटर जाड अशी लाकडी पट्टी घ्या. एका टोकापासून दहा सेंटिमीटरवर तिला आरपार भोक पाडा आणि त्यातून लोखंडी सळई घाला. घरातले लाकडी स्टूल उलटे ठेवा. त्याचे पाय वर आले की समोरच्या दोन पायांच्या टोकांवर ही सळई आडवी टाकून घट्ट बांधा. (त्या दोन पायांमध्ये आडवी पट्टी नसावी, नाहीतर ती वजनाच्या वाटेत येईल.) पट्टी सळईभोवती सैल फिरली पाहिजे, पण इकडेतिकडे डुलता कामा नये. आखूड बाजूच्या टोकाला एक किलो वाळूची पुरचुंडी करकचून बांधा. लांब बाजूच्या टोकावर बाटलीचे एखादे खोलगट झाकण खिळ्याने ठोकून बसवा. झाली तरफ तयार. स्टूल उडू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यांत दोन विटा ठेवा.

फेकायचे काय? दगड नको, गोटी नको. जुन्या मोज्याचा तुकडा घेऊन त्यात वीस ग्रॅम वाळू शिवून टाका. ही छोटी पुरचुंडी जमिनीवर पडली की उसळत नाही, घरंगळत नाही आणि प्रत्येक वेळी तिचे वजन तेच राहते. जमिनीवर रांगोळीचा पातळ थर पसरला तर ती नेमकी कोठे पडली याची खूणही मिळते.

आता राहिला लगाम. लांब हात वर उसळल्यावर कोठेतरी थांबला पाहिजे, कारण हात थांबतो आणि पुरचुंडी थांबत नाही म्हणूनच ती पुढे सुटते. यासाठी हाताच्या मध्यावर दोन सुतळ्या बांधून त्यांची दुसरी टोके स्टुलाच्या मागच्या दोन पायांना बांधा. सुतळी ताणली गेली की हात तेथेच अडकेल. सुतळी लांब केली की हात अधिक उभा होऊन थांबेल आणि पुरचुंडी सपाट दिशेने सुटेल. आखूड केली की ती अधिक वर फेकली जाईल. सुटण्याचा कोन बदलण्याची ही सोय फार महत्त्वाची आहे. बाजारात मिळणाऱ्या तयार संचांत ती बहुधा नसते. तेथे सगळे तुकडे आधीच मापात कापलेले असतात, आणि ते कागदावरच्या क्रमाने जोडले की खेळ संपतो. भोक आठ सेंटिमीटरवर पाडावे की बारावर, हा निर्णय पेटी विकणाऱ्याने तुमच्या वतीने घेऊन टाकलेला असतो. ज्या शाळेत करवत आणि गिरमिट मिळणेच कठीण, तेथे संच आणायला माझी हरकत नाही. पण तो आणला तरी त्यातली एक पट्टी मोडून दुसऱ्या मापाची बसवाच.

रबर का वापरले नाही, असे काहीजण विचारतील. सायकलच्या ट्यूबची पट्टी ओढून केलेले यंत्र अधिक लांब फेकते हे खरे. पण रबर हा लहरी पदार्थ आहे. ताणताना ते जितके बल घेते तितके सैल सुटताना परत देत नाही, आणि ताणले की गरमही होते. जाडसर रबरबँड झटकन ताणून ओठांना लावून पाहा, ऊब लागेल. त्यामुळे दहावी फेक पहिल्या फेकीसारखी राहत नाही. एक किलो वाळू मात्र सकाळी एक किलो असते आणि संध्याकाळीही एक किलोच असते. मोजमाप शिकायचे तर आधी असे भरवशाचे यंत्र हवे. रबराचा लहरीपणा हा पुढच्या वर्षीचा विषय होऊ शकेल.

पहिली फेक करण्यापूर्वी हिशेब करू. लांब हात आडव्या रेषेच्या खाली ४५ अंश ओढून धरला आहे आणि लगामामुळे तो आडव्या रेषेच्या वर ६० अंशांवर थांबतो असे समजा. म्हणजे पुरचुंडी क्षितिजाशी ३० अंशांचा कोन करून सुटेल. तेवढ्या वेळात वजन सुमारे १५.७ सेंटिमीटर खाली येते. एक किलोग्रॅम गुणिले ९.८ गुणिले ०.१५७ म्हणजे सुमारे १.५४ जूल. ही आपली सगळी कमाई. आता खर्च पाहा. सळईपाशी घर्षण नाही असे धरले आणि पट्टीचे वजन ७५ ग्रॅम धरले तर गणित असे सांगते की पुरचुंडी सुमारे ४.९ मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटते. तिची गतिज ऊर्जा ०.२४ जूल. म्हणजे १.५४ जुलांपैकी जेमतेम सहावा-सातवा हिस्सा तिच्या वेगाच्या कामी आला! पट्टी आणि पुरचुंडी उचलण्यात आणि पट्टीला वेग देण्यात काही ऊर्जा गेली, पण सर्वांत मोठा वाटा कोणी खाल्ला असेल? वजनानेच. पुरचुंडी सुटते त्या क्षणी वजनही खाली धावत असते आणि सुमारे ०.७६ जूल, म्हणजे जवळजवळ निम्मी ऊर्जा, त्याच्याच अंगात राहिलेली असते. ती पुढच्या क्षणी लगामाला हिसका देण्यात वाया जाते. मालाची गाडी बाजारात पाठवावी आणि निम्मा माल बैलांनीच खाऊन टाकावा, तसा हा प्रकार.

हे कळले की पुढची गोष्ट आपोआप सुचते. 'वजन दुप्पट करू, म्हणजे अंतर दुप्पट होईल,' असे वर्गातली दहापैकी आठ मुले म्हणतात. करून पाहण्यापूर्वी हा अंदाज वहीत शाईने लिहा. हिशेबाने एक किलोला पुरचुंडी सळईपासून सुमारे २.८५ मीटरवर पडते. दोन किलोला ती सुमारे ३.७५ मीटरवर पडते. तीस-बत्तीस टक्के वाढ, बस्स. कारण वजन वाढले की ढकलणारे बल वाढते तसे ढकलायचे ओझेही वाढते. बरे, एक क्विंटल वजन लावले तर? प्रत्यक्ष हत्ती बांधला तरी या यंत्राचे टोक ७ मीटर प्रतिसेकंद या वेगापलीकडे जाणार नाही. हे सिद्ध करायला दहावीचे गणित पुरते. कोणतीही वस्तू १५.७ सेंटिमीटर मुक्तपणे पडली तर तिचा वेग सुमारे १.७५ मीटर प्रतिसेकंद होतो, मग ती वाळू असो की हत्ती. लांब हात आखूड हाताच्या चौपट आहे, म्हणून टोकाचा वेग त्याच्या चौपट, म्हणजे सुमारे ७. हा निष्कर्ष पुस्तकात छापलेला सापडणार नाही, पण पुस्तकातल्या दोनच गोष्टींतून तो निघतो: मुक्त पतन आणि तरफ. दोन्ही प्रकरणे तुम्ही वेगवेगळ्या इयत्तांत वाचली आणि वेगवेगळ्या परीक्षांत लिहिली. त्यांची गाठ येथे पडते.

दुसरा धक्का कोनाचा आहे. प्रक्षेपकाचा पल्ला ४५ अंशांवर सर्वाधिक असतो, हे वाक्य तुम्हाला इतके पाठ असते की झोपेतून उठवले तरी सांगाल. हे वाक्य जुने आहे. इटलीतील तार्ताल्या याने १५३७ साली ते मांडले आणि गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रक्षेपकाचा मार्ग परवलयाकार असतो हे दाखवून त्याची रीतसर सिद्धता दिली. पण आपले यंत्र घ्या आणि लगाम बदलत जा. हिशेब असा येतो: ४५ अंशांना अंतर सुमारे २.५ मीटर, ३० अंशांना २.८५, २० अंशांना २.७५ आणि अगदी आडवे सोडले तर साधारण २.०७. म्हणजे ३० अंश ४५ अंशांना हरवतात!

मग गॅलिलिओ खोटा ठरला काय? मुळीच नाही. त्याचा नियम वस्तू ज्या पातळीवरून सुटली त्याच पातळीवर पडते, कोणत्याही कोनात सुटण्याचा वेग तेवढाच असतो आणि हवेचा रोध नसतो, या अटींवर उभा आहे. आपली पुरचुंडी जमिनीपासून पाऊण मीटर उंचीवर सुटते. शिवाय हात जितका जास्त फिरतो तितका त्याला वेग घ्यायला अवधी मिळतो, म्हणून सपाट कोनाला वेगही थोडा अधिक मिळतो. दोन अटी मोडल्या, तेव्हा उत्तर सरकले. नियम पाठ असणे आणि त्याच्या अटी पाठ असणे यात फार अंतर आहे, आणि आमच्या महाविद्यालयात अकरावीला येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना नियम येतो, अटी येत नाहीत. दोष मुलांचा नाही. परीक्षेत अटी कोणी विचारतच नाही.

वर दिलेले आकडे कागदावरचे आहेत हे विसरू नका. तुमच्या अंगणात अंतर यापेक्षा कमी भरेल, कारण सळई घासते, सुतळी थोडी ताणते, स्टूल हादरते. किती कमी भरते ते मोजणे हेच तर काम. आणि मोजायला लागलात की कळेल, एकच कोन, एकच वजन, एकच पुरचुंडी असूनही दहा फेकी दहा ठिकाणी पडतात. येथे बहुतेकांचा धीर सुटतो. 'सर, ही फेक चुकली, ती धरू नका,' असे मुले म्हणतात. का चुकली? 'लांब पडली म्हणून.' हे कारण चालणार नाही. स्टूल सरकलेले दिसले, पुरचुंडी झाकणात तिरपी बसली होती, असे काही डोळ्यांनी पाहिलेले कारण असेल तर तसे लिहून ती फेक वेगळी काढा. नसेल तर ती बाकीच्यांइतकीच खरी. दहा फेकींची सरासरी लिहा, आणि तिच्या शेजारी सर्वांत जवळची व सर्वांत लांबची फेकही लिहा. दोन वेगवेगळ्या कोनांच्या सरासरींत पाच सेंटिमीटरचा फरक आहे, पण एकाच कोनाच्या फेकी तीस सेंटिमीटर पसरल्या आहेत, तर तुम्ही अजून काहीच सिद्ध केलेले नाही. अजून फेकी करा. आणि हो, सुतळीवर लक्ष ठेवा. ओली झाली की ती आखडते, म्हणजे लगामाची लांबी आणि त्याबरोबर कोनही बदलतो. जुलैतल्या नोंदी डिसेंबरात जुळल्या नाहीत तर आधी तिच्याकडे संशयाने पाहावे.

घरात मोबाईल असेल तर त्याचाही उपयोग होतो. पुष्कळ मोबाईलमध्ये सेकंदाला १२० चित्रे घेण्याची सोय असते. पाच मीटर प्रतिसेकंद वेगाने जाणारी पुरचुंडी दोन चित्रांच्या दरम्यान सुमारे चार सेंटिमीटर सरकते. मागे भिंतीवर खडूने दहा-दहा सेंटिमीटरच्या रेघा मारून ठेवल्या की तिचा वेग जवळपास वाचताच येतो.

आता खऱ्या गोफणीकडे येतो. ज्वारीचे कणीस भरले की शेतातल्या माळ्यावर उभे राहून पाखरे हाकणारा राखणदार तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्याच्या गोफणीची एक दोरी बोटात अडकवलेली असते, दुसरी नुसती चिमटीत धरलेली. गोफण गरगर फिरवून योग्य क्षणी तो ती दुसरी दोरी सोडतो. युरोपातील आणि पश्चिम आशियातील मध्ययुगीन कारागिरांनी ट्रेब्युशे नावाच्या प्रचंड यंत्रात हेच केले. तुळईच्या लांब टोकाला झाकण नव्हे तर गोफण बांधली. तिची एक दोरी पक्की, दुसरीच्या टोकाला कडी आणि ती कडी तुळईच्या टोकावरच्या आकड्यात अडकवलेली. तुळई वर आली की गोफण पुढे झेपावते आणि कडी आपोआप निसटते. शिवाय यातील पुष्कळ यंत्रांत वजन तुळईला जखडून न टाकता पेटीत घालून टांगलेले असे. याचा फायदा तुम्हाला आता कळेल. अशी रचना नीट जुळवली तर दगड सुटण्याच्या वेळी वजन आणि तुळई बऱ्याच अंशी मंदावलेली असतात; त्यांच्या अंगातली ऊर्जा गोफणीतून दगडाकडे गेलेली असते. मघाशी बैलांनी खाल्लेला निम्मा माल परत मिळवण्याची ही युक्ती. गतिज ऊर्जा हा शब्दही जन्माला आला नव्हता, तेव्हाच्या सुतारांना ती साधली होती.

कशी साधली? करून, मोजून, बदलून. याचा लेखी पुरावा आपल्याला त्याहून कितीतरी जुन्या काळात सापडतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील फिलॉन या ग्रीक लेखकाने दगडफेकी यंत्रांवर लिहिले आहे. त्या काळची यंत्रे वजनावर नव्हे, तर प्राण्यांच्या स्नायूंच्या किंवा केसांच्या पिळलेल्या दोरांवर चालत. हे दोर ज्या भोकातून ओवायचे त्याचा व्यास किती ठेवावा यावर सगळे अवलंबून असे. फिलॉनने दिलेला नियम असा: दगडाचे वजन मिना या मापात घ्या, त्याला शंभराने गुणा, घनमूळ काढा आणि त्यात त्याचाच दहावा भाग मिळवा, भोकाचा व्यास बोटांच्या मापात मिळेल. दहा मिनांचा दगड असेल तर हजाराचे घनमूळ दहा, त्यात एक मिळवून अकरा बोटे. आजच्या मापात साडेचार किलोंहून थोडा कमी वजनाचा दगड आणि सुमारे एकवीस सेंटिमीटरचे भोक. दगड आठपट जड करायचा तर भोक फक्त दुप्पट. हा नियम कोणा ऋषीने समाधीत पाहिला नाही. अलेक्झांड्रियातील कारागिरांना राजाश्रय होता, म्हणून त्यांना भोके लहानमोठी करून प्रयोग करता आले आणि त्यांतून हे माप हाती आले, असे फिलॉनच सांगतो. घनमूळ काढावे लागेल असा नियम प्रयोगातून काढणारी माणसे बावीसशे वर्षांपूर्वी होती, आणि आपण मुलांना प्रयोगाचे उत्तर आधी फळ्यावर लिहून देतो.

हा मुद्दा मला शिक्षकबंधुभगिनींशी जरा सविस्तर बोलायचा आहे. गोफणयंत्राची सूचना केली की चार आक्षेप येतात. हे खेळणे आहे. हे अभ्यासक्रमात नाही. हे धोक्याचे आहे. आणि चौथा, जो सहसा मोठ्याने बोलला जात नाही, तो म्हणजे याचे 'बरोबर उत्तर' काय, हे आम्हालाच ठाऊक नाही, मग गुण कसे द्यायचे? पहिल्या दोहोंना वरचा हिशेब उत्तर देईल. चौथा आक्षेप मात्र मुळावर घाव घालणारा आहे.

दोलकाचा प्रयोग आठवा. दोरीला गोळा टांगून, झोके मोजून गुरुत्वत्वरण काढायचे. प्रयोगवह्या तपासताना वहीमागून वही उत्तर दिसते ९८० सेंटिमीटर प्रतिसेकंद वर्ग. दोरी एक मीटर, वीस झोक्यांना सुमारे चाळीस सेकंद लागतात. हाताने कळ दाबताना पाचवा भाग सेकंदाची चूक सहज होते आणि तेवढ्याने उत्तर दहाने इकडेतिकडे जाते. म्हणजे प्रामाणिक वर्गात ९६८ ते ९९० पर्यंत उत्तरे विखुरलेली दिसायला हवीत. आणि गंमत अशी, की महाराष्ट्रात गुरुत्वत्वरण कोठेही ९८० नाहीच! ते ९७८ ते ९७९ च्या दरम्यान आहे, कारण आपण विषुववृत्तापासून फार दूर नाही. मुले न मिळालेले उत्तर लिहितात, तेही आपल्या गावाचे नसलेले. उत्तरावरून उलट जाऊन नोंदी 'बसवायला' ती चौदाव्या-पंधराव्या वर्षी शिकतात. कोणाकडून शिकतात? वरच्या वर्गातल्या मुलाच्या वहीवरून, आणि ९७१ लिहिणाऱ्याचे गुण कापणाऱ्या आपल्या लाल पेन्सिलीवरून. हीच मुले पुढे सिमेंटच्या ठोकळ्यांची मजबुती तपासणार आहेत, रक्तातल्या साखरेचे आकडे लिहिणार आहेत.

गोफणयंत्राचे उत्तर पुस्तकात नाही, गाईडात नाही, शेजारच्याच्या वहीतही नाही, कारण त्याची पट्टी वेगळी आणि त्याची सळई वेगळी घासते. म्हणूनच ते मला हवे आहे. गुण द्यायचे ते वहीला द्या. अंदाज फेकीच्या आधी लिहिला आहे का? एका वेळी एकच गोष्ट बदलली आहे का? न पटणारी फेक ठेवली आहे का? अंदाज चुकला तेव्हा का चुकला याचा विचार केला आहे का? या चार गोष्टी तपासायला शिक्षकाला स्वतःला 'बरोबर उत्तर' ठाऊक असण्याची गरज नाही. प्रदर्शनाच्या परीक्षकांनीही यंत्राची पॉलिश न पाहता वही मागावी. एखाद्या गटाचे यंत्र वाकडेतिकडे असेल, खिळे बाहेर आलेले असतील. पण वहीत पन्नास फेकी असतील तर पहिला क्रमांक त्याचाच. आणखी एक. गटात मुले-मुली दोन्ही असली की करवत मुलांच्या हाती जाते आणि तक्ता रंगवण्याचे काम मुलींकडे येते. हे मी इतक्या प्रदर्शनांत पाहिले आहे की आता परीक्षक म्हणून गेलो की मी भोक कोणी पाडले हे आवर्जून विचारतो.

धोक्याचा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. ही यंत्रे माणसे मारण्यासाठीच जन्मली. १३०४ साली स्कॉटलंडमधील स्टर्लिंगचा किल्ला शरण यायला तयार असताना इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने आपले 'वॉरवुल्फ' नावाचे नवे यंत्र चालवून पाहिल्याशिवाय शरणागती स्वीकारली नाही. यंत्र हाती असले की ते चालवून पाहण्याचा मोह राजालाही आवरत नाही. तेव्हा नियम कडक ठेवा. यंत्राच्या समोर आणि अगदी मागे कोणी उभे राहायचे नाही, बाजूला उभे राहायचे. हात बोटांनी दाबून धरायचा नाही. तो दोरीच्या फासात अडकवून फासातली खुंटी लांबून दोरीने ओढायची. एक किलो वजन खाली येताना बोट मध्ये सापडले तर चेचते. पुरचुंडीऐवजी खडा टाकणाऱ्याला त्या दिवशी खेळाबाहेर बसवा. कुत्री, मांजरे आणि पाखरे हे लक्ष्य नव्हे. एवढे पाळले तर गल्लीतल्या क्रिकेटपेक्षा यात खिडक्यांना धोका कमी आहे.

आता एक काम तुमच्यावर सोपवून थांबतो. झाकण काढून टाका आणि त्या जागी एक लांब खिळा, टोक बाहेर राहील असा, ठोका. पुरचुंडीला दोन दोऱ्यांची छोटी गोफण करा. एक दोरी पट्टीला बांधा, दुसरीच्या टोकाची कडी खिळ्यावर अडकवा. लगाम सोडून द्या, कारण आता सोडण्याचे काम खिळाच करील. खिळा सरळ ठेवला तर कडी केव्हा निसटते आणि थोडा वाकवला तर केव्हा, ते पाहा. गोफणीची दोरी दहा सेंटिमीटर, वीस, तीस, चाळीस अशी बदलत जा आणि प्रत्येक लांबीला दहा फेकी करा. कोणती लांबी सर्वांत लांब फेकते? पहिल्या काही फेकींत पुरचुंडी सरळ वर किंवा चक्क मागे जाण्याचा संभव आहे, म्हणून मागची जागा मोकळी ठेवा आणि त्याही फेकी वहीत लिहा.